फळ्यावरच्या सात ओळी

"नाम म्हणजे," नेरकर बाई म्हणाल्या आणि थांबल्या.

मी सातवीच्या वर्गाबाहेर स्टुलावर बसून घंटेची तुटलेली दोरी वळत होतो. बाईंचं थांबणं मला नवीन नव्हतं. 'नाम म्हणजे' म्हटलं की त्या एक श्वास घ्यायच्या, वर्गावरून नजर फिरवायच्या आणि मग पुढचं सांगायच्या. त्या दिवशी एक श्वास झाला, दुसरा झाला, तिसराही झाला. आत कुणीतरी बाकाखाली पाय घासले. पुढचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, ते आपसूक बाहेर पडलं.

"व्यक्तीला, वस्तूला किंवा गुणाला दिलेलं नाव."

"दिलेलं नाव," आतून बाई म्हणाल्या. "लिहून घ्या."

आणि तास पुढे सुरू झाला.

तास संपल्यावर बाई दारात आल्या. हातात खडूची डबी, पदर खांद्यावरून घट्ट घेतलेला. पोरं पाणी प्यायला पळाली होती.

"सुपडूभाऊ, मघाशी तुम्ही बोललात?"

"चुकलं बाई. तोंडातून निघालं."

"तुम्हाला येतं?"

"अठरा वर्षं ऐकतोय. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद. मग संक्रांतीनंतर अलंकार. उदाहरणंसुद्धा तीच असतात तुमची."

बाई हसल्या नाहीत. माझ्या स्टुलाकडे बघत राहिल्या. "आज वार कोणता?" त्यांनी विचारलं.

"मंगळवार."

"मघाशी पण विचारलं का मी?"

"दोनदा."

त्यांनी मान हलवली आणि ऑफिसकडे चालू लागल्या. थोड्या पुढे जाऊन परत आल्या. ऑफिस दुसऱ्या बाजूला होतं.

शाळा आमची जुन्या जिनिंगच्या शेडमध्ये भरायची. जिनिंग चालू होतं तेव्हा मी तिथे हमाल होतो, कापसाच्या गाठी वाहायचो. जिनिंग बंद पडलं, संस्थेने शेड घेतली, आणि शेडबरोबर मीही शाळेला मिळालो. वर पत्रा, मधे बांबूचे तट्टे लावून केलेले वर्ग. एका वर्गातलं दुसऱ्या वर्गात ऐकू जायचं, आणि सगळ्यांचं सगळं मला. मला अक्षर येत नव्हतं. नोटीसवही घेऊन वर्गावर्गात जायचो तेव्हा बोटाने जागा दाखवायचो, मास्तर सही करायचे. वही उलटी धरू नये म्हणून मुखपृष्ठावर एका कोपऱ्याला चुन्याचा ठिपका लावून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाई माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. मी उठलो तर म्हणाल्या, बसा. मग त्या स्वतःच शेजारच्या पायरीवर बसल्या. बाई कधी पायरीवर बसलेल्या मी पाहिल्या नव्हत्या.

"माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं," त्या म्हणाल्या. "आधी वार. मग माणसं. एकदा ती बाजारात भाजी घ्यायला गेली आणि घर विसरली. लोकांनी दंडाला धरून घरी आणली. मागे पोरं. तिला कळत नव्हतं, पण मला कळत होतं. मी दारात उभी होते."

मी स्टूल थोडं त्यांच्याकडे सरकवलं.

"एप्रिलअखेर मी रिटायर होते. पाच महिने. तेवढे काढायचेत. तेहेतीस वर्षं शिकवलं, शेवटच्या दिवशी निरोप घ्यायचा आणि या दारातून आपल्या पायांनी बाहेर जायचं. कुणी धरून न्यायचं नाही. एवढंच."

"सोनवणे सरांना सांगितलं तर?"

"हेडमास्तर चांगले आहेत. म्हणून तर ते उद्याच रजेवर पाठवतील." त्यांनी डबीतला खडू काढून बोटांत फिरवला. "तुम्ही दाराशी बसताच. मी थांबले की पुढचा शब्द द्यायचा. हळू. पोरांना वाटेल तुम्ही पुटपुटता."

"तसाही मी पुटपुटतोच."

"आणि एक. मी फळ्यावर लिहायला लागले की समजा, मला सापडलं. मग गप्प बसा. लिहिताना मधे बोललात तर हात अडखळतो."

असा आमचा करार झाला. त्यांनी पिशवीतून एक कागद काढून माझ्या हातात दिला. "यात सगळा क्रम आहे. अडलात तर बघा."

मी कागद घेतला. बघायचं नाटक करावं असं क्षणभर वाटलं. "बाई, मला कुठे वाचता येतं."

"असं कसं? तुम्हाला सगळं येतं."

"ऐकून येतं."

"हं." त्यांनी कागद परत घेतला. "पाटी घेऊन या म्हणाले होते ना मी. महिन्याभरात शिकवते म्हणाले होते."

"दर जूनला म्हणता."

"मग?"

"आता काय करायचंय शिकून, बाई. घंटा काही वाचून वाजवायची नसते."

यावर मात्र त्या हसल्या.

डिसेंबर गेला, जानेवारी गेला. मी घंटा द्यायचो, पाणी भरायचो, आणि सातवीचा मराठीचा तास आला की स्टूल दाराला चिकटवून बसायचो. एखाद्या दिवशी एकही शब्द द्यावा लागायचा नाही. एखाद्या दिवशी तासभर मीच शिकवतोय असं व्हायचं. घरी गेलो की तोंड सुकलेलं असायचं आणि मान दुखायची. हमाली करताना एवढा दमलो नव्हतो. माझी बायको केसर म्हणायची, "बसून बसून कुणी दमतं का? स्टूल तुम्ही उचलता की स्टूल तुम्हाला?"

पोरांना काही कळलं नाही, किंवा कळून ती बोलली नाहीत. बाईंच्या वर्गाचा दंडकच तसा होता. फळ्यावर जे येईल ते जसंच्या तसं वहीत गेलं पाहिजे. काना इकडचा तिकडे झाला तर पान पुन्हा. प्रश्न तासाच्या शेवटी. पहिल्या बाकावर रत्नप्रभा महाजन नावाची मुलगी होती, तिची वही तर बाई इतर वर्गांना दाखवायच्या.

फेब्रुवारीत तपासणी आली. जिल्ह्याचे साहेब येणार, एकेका मास्तरांचा पाठ बघणार, असं सोनवणे सरांनी आदल्या दिवशी सांगितलं. बाईंनी अलंकार घ्यायचं ठरवलं.

"कसं जाणार?" मी संध्याकाळी दार लावताना विचारलं.

"उपमा, उत्प्रेक्षा, रूपक, अतिशयोक्ती, चेतनगुणोक्ती," बाईंनी धडाधड सांगितलं. "आईचा हात भाकरीसारखा ऊन आहे, ही उपमा. आईचा हात म्हणजे जणू ऊन भाकरी, ही उत्प्रेक्षा. बरोबर?"

"बरोबर. आणि चेतनगुणोक्तीला आपली घंटा."

"सकाळी सकाळी घंटा कुरकुर करते," बाई म्हणाल्या. "तिच्या मालकासारखी."

हे शेवटचं त्या दर वर्षी वर्गातही म्हणायच्या आणि पोरं दाराकडे बघून हसायची.

सकाळी मी साडेसहालाच गेलो. अंगण झाडलं, सडा मारला, साहेबांची खुर्ची पुसून सातवीत नेऊन ठेवली. सोनवणे सर आले. त्यांनी खुर्ची उचलून दाराजवळ ठेवली, उजेड चांगला म्हणून. मग माझं स्टूल बघितलं.

"सुपडू, हे उचल इथून. साहेबांच्या पाठीशी शिपाई बसलाय, बरं दिसत नाही."

"सर, साहेबांना काही लागलं तर? पाणीबिणी."

"हाक मारू. तू त्या बाजूला बस, तट्ट्यामागे."

"तिथून ऐकू येत नाही, सर."

"तुला काय ऐकायचंय? तपासणी तुझी आहे का?"

स्टूल उचलून मी मागच्या तट्ट्याकडे गेलो. तिथे एका जागी बांबूची पट्टी निघाली होती. त्या फटीतून बाईंचे खांदे दिसायचे आणि अर्धा फळा. अंतर पूर्वीच्या दुपटीहून जास्त होतं. बाई वर्गात आल्या तेव्हा त्यांनी आधी दाराकडे बघितलं. तिथे मी नव्हतो, साहेब होते. मी फटीतून हळूच खाकरलो. बाईंचे खांदे जरासे खाली आले. ऐकलं त्यांनी.

पाठ चांगला सुरू झाला. साहेब पन्नाशीचे, चष्मेवाले, मांडीवर कागद घेऊन बसलेले. बाईंनी अलंकार म्हणजे काय ते सांगितलं, दागिन्यांचं उदाहरण दिलं. उपमेशी थोड्या थांबल्या. मी फटीला तोंड लावून म्हटलं, "सारखा, जसा, प्रमाणे." त्यांनी ते उचललं. आईचा हात आला, भाकरी आली. साहेबांनी मान हलवून काहीतरी लिहिलं.

तेवढ्यात शेजारी पाचवीत पाढे सुरू झाले. चाळीस पोरं एका सुरात, पत्र्याखाली. बे एके बे पासून.

बाई थांबल्या होत्या. मी म्हटलं, "उत्प्रेक्षा." त्या हलल्या नाहीत. साहेबांनी मान वर केली होती, त्यामुळे मोठ्याने बोलायची सोय नव्हती. पुन्हा म्हटलं. बाईंनी एकदा मान वळवली, दाराकडे नाही, तट्ट्याकडेही नाही, दोन्हीच्या मधे कुठेतरी. मग त्या फळ्याकडे वळल्या आणि लिहायला लागल्या.

मी भिंतीला पाठ टेकली. सापडलं त्यांना. खडू थांबत नव्हता. एक ओळ झाली, दुसरी झाली. बाईंचं अक्षर फळ्यावर सरळ चालायचं, आखल्यासारखं. अर्ध्या फळ्यावर मला ओळींची शेपटं दिसत होती. मी ती मोजली. सात. एवढ्या दिवसांत त्यांनी एका दमात इतकं लिहिलं नव्हतं. करार होता, त्यामुळे मी तोंड मिटून बसलो होतो. शेजारी पाढे तेरावर पोचले.

मग साहेब उठले. फळ्याजवळ गेले. टेबलावरचं डस्टर उचललं आणि आपल्या हातांनी फळा पुसला. वरून खालपर्यंत, नीट. तेव्हा मला काय वाटलं ते सांगतो. मला वाटलं, जिल्ह्याचा साहेब मास्तरणीचा फळा पुसतोय, म्हणजे पाठ पसंत पडला. असा मान मी कुणाला मिळालेला पाहिला नव्हता.

"सुंदर अक्षर आहे बाईंचं," साहेब पोरांना म्हणाले. "आता तुम्ही वह्या मिटा. शिपाई, बाईंना पाणी आणा."

मी तांब्या घेऊन धावलो. बाई खुर्चीवर बसल्या होत्या, बोटांत खडू तसाच.

"झालं?" त्यांनी मला विचारलं.

"झालं बाई. छान झालं."

त्या माझ्याकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग पाणी न पिताच तांब्या परत दिला.

साहेब आणि सर ऑफिसात बराच वेळ बोलत होते. दार लोटलेलं होतं. मधल्या सुट्टीच्या आधी साहेबांची जीप अंगणात लागली आणि बाईंना चोपड्याला भावाकडे सोडायचं ठरलं, असं मला कळलं. जीपमधून जाणार, हाही मानच, असं मी धरून चाललो होतो. पण बाई दारातून बाहेर आल्या तेव्हा सोनवणे सरांनी त्यांचा दंड धरला होता. हलकेच धरला होता, पण धरला होता. पाचवीची पोरं पाढे सोडून तट्ट्याच्या फटींतून बघत होती. माझ्या हातात घंटेची दोरी होती. वाजवायची वेळ झाली होती आणि मी वाजवली नाही.

दुपारी सरांनी मला ऑफिसात बोलावलं. टेबलावर सातवीच्या मराठीच्या वह्या होत्या.

"यातलं आजचं पान फाड. प्रत्येक वहीतलं. आणि मागे नेऊन जाळून टाक. वाचत बसू नको." मग त्यांच्याच लक्षात आलं. "तुझं काय म्हणा."

"काय झालं, सर?"

"बाईंना बरं नाही. रजेवर गेल्या. पोरं घरी जाऊन काहीबाही बोलतील, बाईंचीच शोभा. समजलं?"

मी शेडमागच्या खड्ड्यात पाचोळा पेटवला आणि पानं टाकत गेलो. छत्तीस पोरं, त्यातली दोन गैरहजर. एकेक पान फाडताना बघत होतो. सगळ्यांत सारखंच काहीतरी लिहिलं होतं, वर एक मोठा शब्द आणि खाली सात ओळी. पोरांनी काना इकडचा तिकडे केला नव्हता. यात जाळण्यासारखं काय होतं ते मला कळेना. शेवटी रत्नप्रभाची वही राहिली. तिचं पान मी आगीवर धरलं आणि घडी करून टोपीत घातलं.

नंतर ते पान घरी पत्र्याच्या डब्यात, रेशनकार्डाखाली राहिलं. ते कुणाकडूनही वाचून घेता आलं असतं. गावात वाचणारे खूप होते. सातवीच्या पोरांना सरांनी दम दिला होता, ती मला बघितलं की लांबून जायची. पण ज्याला दाखवलं असतं त्याला बाईंचं कळलं असतं, आणि ते झाकायलाच तर मी तीन महिने दारात बसलो होतो. मला एवढंच वाटत राहिलं, की माझा आवाज साहेबांनी ऐकला असणार, मीच कुठेतरी चुकलो असणार. एप्रिलअखेर निरोपाचा कार्यक्रम झाला नाही. नारळ आणि शाल सरांनी चोपड्याला पोचती केली.

जूनमध्ये एका रविवारी मी एसटीने चोपड्याला गेलो. बाईंची वहिनी दारातच म्हणाली, "ओळखायच्या नाहीत हो तुम्हाला. त्या आता कुणालाच ओळखत नाहीत."

बाई ओसरीवर खुर्चीत होत्या. वाळल्या होत्या, पण पदर तसाच घट्ट. मला बघून म्हणाल्या, "नाव काय तुमचं?"

"सुपडू."

"लिहिता वाचता येतं?"

"नाही, बाई."

"मग पाटी कुठेय?"

मी वहिनीकडे बघितलं. वहिनी आत गेली.

पुढच्या रविवारी मी पाटी घेऊन गेलो. बाईंनी पुन्हा नाव विचारलं. मग पेन्सिल हातात घेतली, आणि त्यांचा हात पाटीवर सरळ चालला. ग, म, भ, न. माणसं गेली होती, वार गेले होते, पण हे गेलं नव्हतं. माझं मनगट धरून त्यांनी गिरवून घेतलं. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा नाव, पुन्हा ग, म, भ, न. असे किती रविवार गेले ते मोजले नाहीत. सगळा पावसाळा आणि सगळा हिवाळा मी ग, म, भ, न गिरवलं. मग माझ्या लक्षात आलं की आपणच सांगायला हवं. "बाई, हे झालं. पुढे," असं मी म्हणालो, की त्या पुढे जायच्या. घरून मी आधी कुठवर आलो ते लक्षात ठेवून जायचो. केसर म्हणायची, "चोपन्नाव्या वर्षी पाटी. आता मुंज कधी?"

एका रविवारी बाईंनी मला माझं नाव लिहून दिलं. स ला उकार, प ला नाही, ड ला दीर्घ. मी ते एसटीत बोटाने गुडघ्यावर गिरवत आलो. घरी पोचलो, हातपाय धुतले, आणि डबा काढला.

पान घड्यांवर पिवळं पडलं होतं. वरचा मोठा शब्द मला लगेच लागला नाही. पण खालच्या ओळीचा पहिला शब्द मी न थांबता वाचला, कारण तोच मी दिवसभर गिरवत होतो. दुसऱ्या ओळीतही तोच होता. तिसऱ्या, चौथ्याही. उरलेलं एकेक अक्षर जोडत वाचायला संध्याकाळ झाली. केसर दोनदा जेवायला बोलावून गेली.

वर लिहिलं होतं, अलंकार. त्याखाली,

सुपडूभाऊ, पुढे काय?

सहा ओळी हेच. सातवी ओळ वेगळी होती.

मोठ्याने सांगा, ऐकू येत नाही.

मी पान घडी करून डब्यात ठेवलं. केसरने विचारलं, काय आहे. मी म्हटलं, शाळेचा कागद आहे.

पुढच्या रविवारी गेलो तेव्हा बाई ओसरीवर होत्या. "नाव काय तुमचं?" त्यांनी विचारलं.

पाटी मी पिशवीतच ठेवली. त्यांच्यासमोर खाली बसलो.

"पुढे उत्प्रेक्षा, बाई," मी म्हटलं. "आईचा हात म्हणजे जणू ऊन भाकरी."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. शिकवताना बघायच्या तसं, मागच्या बाकापर्यंत.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण इतकं हळू का बोलता? मोठ्याने सांगा. मागे ऐकू गेलं पाहिजे."

मी उभा राहिलो आणि मोठ्याने सांगितलं. उत्प्रेक्षा, मग रूपक, मग अतिशयोक्ती. शेजारची बाई भिंतीवरून डोकावली. वहिनी आतून हात पुसत बाहेर आली. मी थांबलो नाही. चेतनगुणोक्तीला आलो, घंटा सकाळी सकाळी कुरकुर करते म्हणालो, आणि श्वास घ्यायला थांबलो.

"तिच्या मालकासारखी," बाई म्हणाल्या.